हवेचं तोंड

बीटी कपाशीवर फवारताना पुष्पाबाईच्या अंगात विष भिनलं. तिला मेहकरच्या दवाखान्यात नेताना घरची जुनी व्हॅन अर्ध्या वाटेत बंद पडली, जीव गाडीतच गेला. तेरवी आटोपल्यावर व्हॅन ओढून रहेमतुल्लाच्या गॅरेजात आणली. हे इंजिन पाण्यानं नव्हे, हवेनं थंड राहणारं. त्यानं मागचं झाकण उघडलं, तर हवा आत ओढणाऱ्या पंख्याच्या तोंडावर करपलेली ओढणी बांधलेली. हवा अडल्यानं इंजिन जाम झालं होतं. “कोण्या शहाण्यानं…” तो ओरडणार, तोच पुष्पाबाईची मुलगी छाया जवळ आली. “चाचा, गाडीत कापूस भरतो ना आपण, म्हून म्याच बांधली होती. रुई आत जाऊ नये म्हून. तरीबी गेली काय? त्याच्यानंच बंद पडली काय?” रहेमतुल्लानं ओढणी हलकेच सोडवली. “नाई बेटा,” तो म्हणाला, “रुईचा एक धागाबी आत गेला नाई.”