खुरावरचा आकडा

रूबेनने पोत्यातून खूर काढला आणि सार्जंट गार्बटसमोर ठेवला. रक्त वाळून काळं पडलं होतं. सार्जंटने अंगठ्याने चिखल पुसला, खुरावर डागलेला आकडा वाचला आणि मान हलवली. घोडा विकून कुणी तो मेला म्हणून सांगू नये, म्हणून इंग्रजी रिसाल्यात मेल्या घोड्याचा खूर आणून दाखवायची रीत होती.

"ब्रॅम्बल मेली, पटलं. आणि तिचा स्वार?"

"सायलसही गेला, साहेब. तिच्या शेजारीच पडला होता. झुलूंचा भाला छातीत. मी पुरला त्याला."

"त्याचं काय आणलंस?"

रूबेन रिकाम्या पोत्याची घडी घालू लागला.

"अरे, एखादं बटण? चाकू?"

"सगळं त्याच्याजवळच ठेवलं, साहेब. आईने दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक हातात दिलं, कोटाची बटणं नीट लावली. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कसं काढून घेऊ?"

तंबूच्या तोंडाशी बसलेला एकजण देवभोळ्या रूबेनकडे बघून खिदळला. "घोडीचा पाय तोडताना बरा हात चालला पाद्रीबुवांचा!"

सार्जंट हसला नाही. "मागच्या महिन्यात तिघांनी शपथ घेतली होती, डॉकिन्स मेला म्हणून. हिऱ्यांच्या खाणीवर दारू पिताना सापडला लेकाचा. आता कप्तान तोंडी काही ऐकत नाहीत. संध्याकाळच्या हजेरीआधी काही आणलं नाहीस, तर सायलस पळाला असंच धरतील. मग गावचा पोलीस त्याच्या आईचं दार ठोठावेल, पोरगा कुठं लपवलास म्हणून. आणि उद्या आपण इथून हलणार."

"विधवा आहे हो ती. आमच्या गावच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते."

"मग जा. माझा घोडा ने."

कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून रूबेनने सकाळीच थडग्यावर दगड रचले होते. आता एकेक उचलून त्याने गवतावर ओळीने मांडले, पुन्हा तसेच रचता यावेत म्हणून. टोपी काढली. प्रार्थना सुरू केली, पण ती पुढे सरकेना. फावडं सायलसला लागेल या भीतीने तो हातांनीच माती दूर करू लागला.

कोटाचं वरचं बटण दिसलं. रूबेन खाली वाकला आणि रोज पहाटे तबेल्याकडे बोलावणारं बिगूल वाजल्यावर त्याला उठवायला जशी हाक मारायचा, तशीच हळू मारली.

"ऊठ रे सायलस, जरासाच. आईचं काम आहे."