उतरलेला सूर

वामनरावांच्या गळ्यात, काढून टाकलेल्या स्वरयंत्राच्या जागी, आता आवाज काढणारा छोटा ऑसिलेटर होता. तो जुळवायला घरी आलेल्या रेश्माने बारीक स्क्रूड्रायव्हरने त्याचा स्क्रू फिरवला. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा बरोबर मधोमध थांबला.

“बोला काका.”

“कुमुद, चहा टाक गं.” चार महिन्यांनी आवाज फुटला, तोही स्वच्छ आणि सुरेल.

कुमुदताई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दारातच थबकल्या. “कोण बोललं?”

“काकाच. अगदी सुरात लावलेत.”

“तिथंच चुकलं बघ. यांचा सूर आरतीतसुद्धा कधी लागला नाही. जरा उतरव.”

रेश्माने स्क्रू उलटा फिरवला. काटा डावीकडे कलला.

“कुमुद.”

“आले हो!” समोरच उभ्या असलेल्या कुमुदताई म्हणाल्या.