आन्सरिंग मशीनमधला आवाज

“काकू, कार्पेटवर पाय घासत येऊ नका. उचलून टाका,” शशी म्हणाला.

वैजयंतीकाकू बगळ्यासारखी पावलं टाकत टेबलापाशी आल्या. महिन्यातून एका शनिवारी दुपारी लंडनमधल्या पिनरच्या चर्च हॉलमध्ये लोक बिघडलेल्या वस्तू आणत आणि शशी त्या फुकट दुरुस्त करून देई. शेजारी बसून बघायचं असेल, तर त्याची फोनवरच ताकीद असे: लोकर नको, नायलॉन नको, अंगावर धातू नको. पुण्याच्या कारखान्यात अठरा वर्षं त्याने सर्किट बोर्ड हाताळले होते. स्वतःच्या लग्नात अंतरपाट सुतीच आहे ना, हे त्याने गुरुजींना दोनदा विचारलं होतं.

काकूंनी पिशवीतून एक जुनं आन्सरिंग मशीन काढलं.

“वीस वर्षं लॉफ्टमध्ये बंद पडून होतं. आत यांचा एक मेसेज आहे. तेवढा मिळाला ना, तर मी सुटले.”

शशीने वर पाहिलं. पांढरी सुती साडी. मोकळा गळा, मोकळे हात. त्याचा आवाज आपोआप खाली आला.

“दुसरीकडे कुठे आवाज नाही का त्यांचा? व्हिडिओ वगैरे?”

“ढीगभर आहेत रे. पण त्यात हे नाही.”

शशीने मनगटाला पट्टा बांधला आणि त्याची वायर अर्थिंगला जोडली.

“आपल्या अंगावर वीज साठते, काकू. आपल्याला पत्ताही नसतो. नुसतं बोट लागलं, तरी चिप जाऊ शकते.”

“म्हणजे मेसेज पुसला जाईल?”

“कायमचा.”

काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. “मग मी श्वास तरी घेऊ ना?”

“घ्या, घ्या. दमट हवा चांगलीच.”

त्याने बोर्ड कडांना धरून अलगद बाहेर काढला. इतक्या जपून त्याने स्वतःची मुलगीसुद्धा पहिल्यांदा उचलली नव्हती. एक कपॅसिटर फुगला होता. तो काढून त्याने नवा लावला.

हिरवा दिवा लागला. शशीने बटण दाबलं. खरखर झाली आणि मग एक थकलेला पुरुषी आवाज आला.

“वैजू, हॉस्पिटलमधून बोलतोय. काल साउथहॅम्प्टनला जाताना रस्ता मीच चुकलो. तू डावीकडे म्हणत होतीस, तेच बरोबर होतं. माझ्यामुळे आपली बोट चुकली. सॉरी.”

शेजारच्या टेबलावर टोस्टर उघडून बसलेल्या मनीषाने नाक ओढलं. शशीने चष्मा काढून पुसला.

“पुन्हा लावू, काकू?”

“थांब जरा.”

काकूंनी डोळे टिपले. उठून हॉलचं दार उघडलं आणि कार पार्ककडे बघून खणखणीत हाक मारली, “अहो, उतरा गाडीतून! वीस वर्षं ‘मी असं बोललोच नाही’ म्हणताय ना? या, ऐका!”