नखांचा रंग

"मोठी खरुची आणि छोटी खरुची, या दोन चिमुकल्या ससाण्यांतला फरक एका नजरेत सांगणारा माणूस आज जगात एकच उरलाय," असं प्राध्यापक काका घसा खाकरून सांगत. तो एकमेव माणूस, म्हणजे काका स्वतः, सध्या संग्रहालयातल्या टेबलाखाली दडून बसला होता. आयुष्यभर त्यांनी भुसा भरलेले ससाणे तपासले. आज खिडकीतून शिरून, त्यांच्या डोक्यावर झडप घालून टेबलावर जाऊन बसलेला मात्र चांगला जिवंत होता. आणि पाच मिनिटांत विद्यार्थी व्याख्यानाला येणार होते.

"काका, कुठली हो ही खरुची?" पुतणीनं दारातून विचारलं.

"नखं बघ," टेबलाखालून आवाज आला. "काळी तर मोठी, पांढरी तर छोटी. आणि दार लाव आधी!"

"नखं दिसतायत कुठे? काळ्याभोर केसांत रुतलीत. उंदीर धरलाय वाटतं मेलीनं."

"उंदीर नाही तो."

टेबलाखालून एक गुळगुळीत टक्कल हळूच वर आलं. पुतणी ते जन्मात पहिल्यांदाच पाहत होती.

"कुठली का असेना," जिन्यावरची पावलं ऐकत काका कुजबुजले, "तुझी टोपी दे बघू तेवढी."