बुटांकडे बघायचं नाही

"टाचा खाली. मान वर. आता हलू नकोस," आई म्हणाली आणि बारक्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून तिनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ ओढली.

रेघ आजही कमीच होती. पार्कातल्या गोल फिरणाऱ्या होड्यांत बसायला जेवढी उंची लागते, तिला बारक्या बोटभर कमी पडत होता. सहल ठरल्यापासून तो दाराला लोंबकळत होता, नाक मुरडत का होईना दूध घटाघट पीत होता, पण उंची काही ऐकायला तयार नव्हती. ताई होडीत बसणार आणि हा कठड्याबाहेर भोकाड पसरणार, हे आईला आत्ताच दिसत होतं. होड्या तरी कसल्या, गुडघाभर पाण्यात गोगलगायीच्या चालीनं फिरणाऱ्या!

पण आई चपलांच्या दुकानात कामाला होती. दुकानातून आणलेले जाड सुखतळे तिनं कात्रीनं बेतले आणि बारक्याच्या बुटांत एकावर एक सारले. बूट घालून तो उभा राहिला तेव्हा पट्टी हवी तिथे आली.

"आता नीट ऐक. गेटवरचा माणूस विचारेल, एवढा उंच आहेस का रे तू? तर हसून हो म्हणायचं. सरळ त्याच्या डोळ्यांत बघायचं. बुटांकडे बघायचं नाही. बुटांकडे बघितलंस की संपलं."

"हो," म्हणत बारक्यानं लगेच बुटांकडे बघितलं.

आईला हसू फुटलं. हल्ली तिला हसायला फारसं कारण लागत नव्हतं. रोज जेवणं झाली की नवरा आणि ती सहलीचं ठरवत बसायची. सकाळी समुद्र, दुपारी मुलांची झोप, उन्हं उतरली की पार्क. समुद्र तिनं आजवर फोटोतच पाहिला होता. म्हणून तर समुद्राची सकाळ तिनं सगळ्यांत आधी लावून घेतली होती, आणि नवऱ्यानं कधी नव्हे ते हूं की चूं केलं नव्हतं. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, पण त्यांच्याजवळ राहायला मुलांची आत्या येणार होती. कुठली गोळी कधी, पायाखाली उशी कशी, सगळं आईनं नणंदेला फोनवर समजावलं होतं. नणंद प्रत्येक वाक्याला "हो वहिनी, हो वहिनी" म्हणाली होती. वाळूत चालायला म्हणून आईनं स्वतःला निळ्या रबरी चपलाही घेतल्या होत्या. इतकी वर्षं लोकांच्या पायांत चपला घालून बघितल्या, पण स्वतःसाठी हौसेनं घेतलेली ही पहिलीच जोडी.

"आणि हे कोणाला सांगत सुटू नकोस," तिनं बारक्याला बजावलं. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

बारक्याला ते लागलं. "भिजतो! बाबांचं गुपित मी सांगितलं का तुला?"

"कुठलं गुपित?"

"तू येणार नाहीस ते." त्यानं छाती पुढे काढली. "तू आजीजवळ राहणार आणि आत्या आमच्याबरोबर येणार. बाबा म्हणाले, निघताना सांगू, नाहीतर आई रडत बसेल आणि बॅगा कोण भरणार? बघ, मी ब्र तरी काढला का?"

ताई वाळूची बादली घेऊन खोलीत येत होती. ती दारातच थबकली. "बारक्या! शपथ घेतली होतीस ना!"

आई ताईकडे वळली. "तुलाही माहीत होतं?"

ताई बादलीच्या कडीशी चाळा करत राहिली. "बाबा म्हणाले, आई समजून घेते."

आई खालीच बसली. सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तोंडावर सांगितलं असतं तर ती भांडली असती, रडली असती आणि बहुधा राहिलीही असती. पण रोज समोर बसून तिलाच विचारायचं, आधी समुद्र की आधी पार्क? आणि नणंदेचं ते "हो वहिनी, हो वहिनी"! घरच्यांनी मिळून केसानं गळा कापला होता, आणि त्यात पोटची पोरंही सामील करून घेतली होती.

बाहेर कडी वाजली. नवरा कामावरून आला होता.

"अरे वा, तयारी जोरात दिसतेय!" त्यानं पिशवी ठेवली. निळ्या चपलांवर त्याची नजर गेली. "छान आहेत गं. शोभतील तुला."

ताई भिंतीला चिकटून उभी राहिली. आईला वाटलं, अजून एकदा विचारून बघावं. एवढी तरी संधी द्यावी माणसाला.

"अहो, पहिल्या दिवशी मी पहाटेच पाण्यात जाईन म्हणते. तेवढा वेळ मुलांकडे तुम्ही बघाल ना?"

तो हसला. सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "हो तर! हवा तेवढा वेळ जा. तुझ्यासाठीच तर चाललोय आपण."

बारक्यानं आईचा हात ओढला, तिला खाली वाकवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन कौतुकानं म्हणाला, "आई, बघ ना. बाबा बुटांकडे अजिबात बघत नाहीत."