याच गुडघ्यानं

प्रतिस्पर्धी संघाला आमची तीन तरणीबांड पोरं देऊन छत्तीस वर्षांच्या डेझमंड टॉलिव्हरला आमच्या बास्केटबॉल संघात सेंटर म्हणून घ्यायचं ठरलं. फक्त डॉक्टरांनी त्याला पास करायचं बाकी होतं, नाहीतर सौदा रद्द.

उजव्या गुडघ्याचा एमआरआय बघून डॉक्टरांनी चष्माच काढला. "यात काही उरलेलंच नाही. कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

आमचा मॅनेजर उसळला. "चार वर्षं? आणि असला गुडघा घेऊन आम्हाला चॅम्पियन करायला आलास, म्हाताऱ्या?"

डेझमंड बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"साहेब, गेली तीन वर्षं ऐन प्लेऑफमध्ये तुम्हाला हरवून घरी पाठवलं ना, ते याच गुडघ्यानं."