उलट्या कोपरांचा रोबो

बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं, त्याला आता आठ महिने झाले. पत्र काही मोठं नव्हतं. "दादा, सोबतच्या खोक्यात रोबोचे दोनशे बारा तुकडे आहेत. मी असे नऊ बांधले, एकही धड नाही. तूही एक बांध. झाला की कळव, बिघडला तरी कळव. पण पत्रानेच. – भिंगरी."

जुळाऱ्याने खोकं उघडायलाच पाच महिने लावले. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून त्याची नजर तयार झाली होती, पण मनाला धीर म्हणून नव्हता. रोबो झाला नाही तर काय लिहायचं आणि झाला तर काय लिहायचं, दोन्हीची धास्ती. तिकडे भिंगरीने फोन करणं बंद केलं. उत्तर आल्याशिवाय ती बोलणार नाही, हे तो ओळखून होता. लहानपणी रुसली की ती जेवायलासुद्धा यायची नाही. आता ती सदुसष्टची होती, एवढाच फरक.

आज सकाळी खिडकीपाशी शेवटचा तुकडा उरला होता: डोळा. छापखान्यातल्या जुन्या चिमट्याने त्याने ती हिरवी टिकली उचलली, श्वास धरला आणि कपाळाखालच्या खाचेत बसवली. वीतभर उंचीचा रोबो त्याच्याकडे बघू लागला.

"अगं, झाला!"

स्वतःचा एवढा मोठा आवाज त्यालाच नवा होता.

बायको हात पुसत आली. तिने रोबो उचलून चहूबाजूंनी न्याहाळला. तुकडे प्लॅस्टिकच्या चौकटीतून कापून काढल्याची खूण म्हणून कुठे दिसत नव्हती. एकेक तुकडा त्याने पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला होता.

"काय देखणा झालाय हो!" ती म्हणाली, आणि त्याला सलाम ठोकायला लावावा म्हणून तिने त्याचा हात कोपरात वाकवला. हात मागे गेला. दुसरा वाकवला. तोही मागे.

"अहो, याची कोपरं उलटी आहेत."

कुठे चुकलं ते जुळाऱ्याला त्याच क्षणी कळलं. तुकडे लागतील तसेच चौकटीतून कापा, कारण नंबर चौकटीवर आहेत, असं खोक्यातल्या पुस्तिकेत बजावून सांगितलं होतं. त्याने मात्र सगळे एकदम कापून, खिळे ठेवायच्या जुन्या लाकडी केसमध्ये खणाखणांत लावले होते. आणि हाताच्या सवयीने उलटे. उजवीकडे दिसायला हवं ते डावीकडे. छापखान्यात हेच बरोबर असतं, उलटं जुळवलेलं कागदावर सुलट उमटतं. इथे मात्र उजवा हात डाव्या खांद्याला गेला होता.

"मग काढा नि बदला. त्यात काय एवढं?"

"निघणार नाहीत. खांद्यांना गम लावलाय."

"गम लागत नाही असं लिहिलंय ना? तुम्हीच वाचून दाखवलंत. दोनदा."

"माझा विश्वास बसला नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग रोबोकडे, आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना.

"असू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "पाठ खाजवायला तरी होईल बिचाऱ्याला."

"तुला हसू येतंय. मी तिला काय कळवू? आठ महिने लावून हे?"

त्याने रोबो तिच्या हातून घेतला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही कोपरं वाकलेलीच राहिली होती. रोबो समोर उभा होता, पाय फाकवून, छाती काढून, दोन्ही हात पाठीमागे. जुळारी बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांना हिसका बसल्यासारखं झालं. बायकोला वाटलं, आता रडतात की काय.

"अगं, ही भिंगरी आहे!"

"कोण?"

"भिंगरी! सहा वर्षांची असताना अशीच उभी राहायची माझ्यासमोर. गोटी पाठीमागे लपवून. सांग दादा, कुठल्या हातात?" हसता हसता त्याला ठसका लागला. "मी कुठलाही हात सांगितला तरी गोटी दुसऱ्यात. पाठीमागच्या पाठीमागे बदलायची, लबाड!"

"आणि तुम्हाला कळायचं नाही?"

"कळायचं की. पण तिला मजा यायची ना."

त्याने खण ओढला. आत अर्धवट लिहिलेली अकरा उत्तरं होती, सगळी लाल शाईने दुरुस्त केलेली. ती बाजूला सारून त्याने कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिलं:

"भिंगरे, रोबो झाला. कोपरं उलटी बसली. दोन्ही हात पाठीमागे घेऊन टेबलावर उभा आहे, काहीतरी लपवतोय. कुठल्या हातात ते मला सांगता येत नाही. तू ये. – दादा."

मध्ये एक शब्द चुकला होता. त्यावर त्याने सरळ काट मारली होती.

"एकदा वाचून तरी बघा," बायको म्हणाली.

"नको. वाचलं की दुरुस्त करत बसेन."

कागद पाकिटात घातला, चपला घातल्या आणि तो तसाच निघाला. टपालाची पेटी रस्त्याच्या टोकाला होती. तिच्यासमोर तो क्षणभर थांबला, पाकीट पाठीमागे धरून. ते या हातातून त्या हातात गेलं, पुन्हा या हातात आलं. मग त्याने ते पुढे आणलं आणि पेटीत टाकलं.